पोटभर म्हणजे किती, आत्या?

आत्या,

उद्या तुमचं तेरावं. अंगणात मांडव पडलाय, आचारी आलाय, आणि तुमची लेक शालन भांडी काढता काढता मला म्हणाली, "वैनी, उद्या तरी आईच्या नावानं ताट भरून जेवा. लय जीव जाळला तिनं तुमच्यापायी." मी आत आले, दार लोटून लिहायला बसले. शालनशी भांडून उपयोग नाही, हे बोलणं सासू-सुनेचं आहे, आणि ते अर्धंच राहिलंय.

लग्न होऊन कोरेगावला आले तेव्हाही मी काही काडी नव्हते. पण तुम्ही वाढत गेलात आणि मी वाढत गेले. दोष देत नाही हं! तुमची माया डावातूनच खाली यायची. नको म्हटलं की अर्धी भाकरी जास्त, ही तुमची रीत. मग गुडघे गेले, शुगर आली, चार पायऱ्या चढले की धाप लागायची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच चाललं तर अवघड आहे. हे तेव्हा फौजेतून सुट्टीवर आले होते. मला मिरजेला घेऊन गेले आणि पोट लहान करायचं ऑपरेशन झालं.

गावात काय पसरलं? "फौजीच्या बायकूनं पोट कापून घेतलं!" तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, आठवतंय?

डॉक्टर म्हणाले होते, आता पोट केळ्याएवढं राहिलंय. आधी नुसतं पातळ, मग मऊ, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुठं भाकरी. ती पण चतकोर. पहिल्यांदा मी चतकोर मागितली तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आगं, चतकोर दारातल्या कुत्र्याला घालत्यात. सुनंला न्हाई!" असं म्हणून तुम्ही परात तिथंच सोडून उठलात. मी ती भाकरी चावून चावून खाल्ली. खरं सांगू? तुमच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची चव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. त्याआधी चावायला सवड कुणाला होती!

डाएटवाल्या मॅडमनी शिकवलेलं तुम्हाला सगळं उलटंच वाटायचं. आधी मटकी, डाळ, अंडं. मग भाजी. भाकरी शेवटी. जेवताना पाणी नाही. "वैऱ्याला बी घास अडकला तर पाणी देत्यात, आन् ही बया तांब्या लांब ठिवतीया." रोजच्या गोळ्या आयुष्यभर. रोज कॅनॉलच्या कडेनं चालणं. पण तुम्ही खऱ्या भडकला होतात ते एका गोष्टीवरून. पोट बास म्हणालं की ताटात उरलं तरी उठायचं. ताटात टाकायचं? तुमच्या घरात? मग मी ताटच सोडलं आणि वाटी घेतली. उरायचा प्रश्नच मिटला.

होळीला मात्र मी हरले. सगळे पंगतीला होते, तुम्ही पोळी घेऊन समोर उभ्या. "सणाची तरी खा गं!" खाल्ली. गुळवणीत बुडवून आख्खी खाल्ली, आणि पंधरा मिनिटांत घाम, धडधड, उलटी. मोरीजवळ फरशीवर आडवी पडले. तुम्ही धावत मीठ-मोहऱ्या आणल्यात. मला हसूही येत होतं आणि रडूही. दृष्ट नव्हती आत्या, गूळ होता! ह्या पोटाला एकदम गोड झेपत नाही, हे मी तुम्हाला तिथं पडल्या पडल्याच सांगितलं. तुम्ही मोहऱ्या चुलीत टाकल्यात.

दुसऱ्या दिवसापासून मटकी भिजत घालायचं काम तुमचं झालं. फडक्यात बांधून, खुंटीला अडकवून, मोड बोटभर आले की मला हाक. माझी वाटी तुम्ही कुणाला घेऊ दिली नाहीत. गुडघे सुधारले, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून नुसतं "हं" म्हणालात. तेवढंच. पण मला ते पुरलं.

मग ओट्यावर बसलं की तुमचं तोंड का बदलायचं हो? चार बायका आल्या की, "काय सांगू, सून जेवत न्हाई माझी. चिमणीगत खातीया." अहो, सकाळी तुम्हीच तर मटकी मोडवलेली असायची! घरात एक आणि ओट्यावर दुसरं. लोकांपुढं एकदा तरी म्हणायचं होतंत, की माझी सून बरी आहे, तिला आग्रह करू नका. एवढं एक वाक्य मला तुमच्याकडून हवं होतं. मिळालं नाही. त्याचा राग आहे मला, आणि तो तुम्ही गेल्यानं कमी झालेला नाही.

शेवटच्या महिन्यात तुम्हालाच अन्न जाईना. भेटायला येणारा प्रत्येकजण शिऱ्याचा डबा घेऊन यायचा. "दोन घास खा आक्का, आमच्यासाठी." चमचा तोंडाशी यायचा आणि तुम्ही मान भिंतीकडं फिरवायचात. कुणाला कळत नव्हतं. मला कळत होतं. मी मुगाचं पातळ पाणी करून चमच्यानं द्यायचे, मध्ये थांबायचे, तुमचे डोळे बघून वाटी खाली ठेवायचे. एक दिवस छातीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "घास हितंच बसतुया बघ. तुला बी असंच हुतं व्हय?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस कवा?"

मला इतकं हसू आलं! इतकी वर्षं मी दुसरं काय बोलत होते हो? तुम्हीही हसलात, मग खोकला आला. त्या रात्री मी खूप रडले. एवढं कळायला तुम्हाला मरणाच्या दारापर्यंत जावं लागलं.

परवा दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर, खाली कुणी येईना. ह्यांनी सांगितलं, शालनचं माहेर तुटू देणार नाही. कावळा हलेना. ऊन वाढायला लागलं. मग तुमचे भाऊ, अण्णामामा, माझ्याकडं वळले. "सूनबाई, तुमी म्होरं या. आक्काचा जीव तुमच्या खाण्यात आडकलाय. पोटभर जेवीन म्हणा." सगळा गोतावळा माझ्याकडं बघायला लागला. बघा तुमच्या ओट्यावरच्या बोलण्यानं मला कुठं आणून उभं केलं!

क्षणभर वाटलं, खोटं कसं बोलू? मृत माणसाला दिलेला शब्द आहे. आणि मग लक्षात आलं, की यात खोटं काहीच नाही. हात जोडले आणि खणखणीत म्हणाले, "आत्या, मी रोज पोटभर जेवीन."

पोटभरच तर जेवते मी! पोट एवढं आहे, ते एवढ्यानं भरतं. तीन भाकरी खायचे तेव्हा मी ताट रिकामं होईपर्यंत जेवायचे, पोटाला कुणी विचारलंच नव्हतं.

कावळा शिवला. माझ्या शब्दानं की भुकेनं, ते मला ठाऊक नाही. अण्णामामा मात्र "बघा, म्हनलं नव्हतं?" करत सगळ्यांकडं बघत होते.

आता उद्याचं सांगते. आतापर्यंत कार्यात मी आधीच स्वयंपाकघरात वाटीभर खाऊन मोकळी व्हायचे. उद्या पहिल्या पंगतीला बसणार आहे. आधी उसळ खाईन, भाकरी चतकोर घेईन, आणि शालन डाव घेऊन आली की पानावर हात आडवा धरीन. रागावली तर रागावू दे. तुम्ही जे लोकांत बोलला नाहीत, ते मीच बोलेन. आणि या घरात म्हातारं असो की लेकरू, बास म्हटलं की माझा डाव मागं जाईल.

तुमचं पान मी वाढणार आहे, हे शालनला सांगून ठेवलंय. तिला त्यावर डोंगर रचायचाय. मी रचू देणार नाही. मुगाचं थोडं वरण आणि मऊ भात, शेवटी तुम्हाला जेवढा जात होता तेवढाच. कुणी म्हणालं, आणखी वाढ, तर बास म्हणायला आता तुम्ही नाही आत्या. तुमच्या वतीनं मी म्हणेन.

तुमची सून,
सुवर्णा