आष्टीतलं अर्धं घर

नवीन जालना,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. केदारदादास,
नमस्कार. वाकताना गुडघ्याने केलेली तक्रार सोबत जोडली आहे.

इकडे सर्व ठीक. वहिनींनी दिलेलं मिरचीचं लोणचं संपलं. बरणी परत द्यायला आले नाही, त्याचं कारण पुढे येतंच आहे. फोनवर सांगितलं असतं; पण अवघड विषय निघाला की तू लगेच 'जेवलीस का?' विचारतोस. पत्रात ती सोय नाही.

तर, मी घर घेते आहे. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं, दोन खोल्या. खिडकीतून बियाण्यांचं गोदाम दिसतं. ऋतुवर्णनाला निरुपयोगी, पण सकाळचं ऊन येतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ब्रह्मचर्याश्रमातून, गृहस्थाश्रम वगळून, थेट गृहकर्जाश्रमात प्रवेश करते आहे.

अर्जात ओळखीची व्यक्ती म्हणून तुझा नंबर दिला. तुला सांगायचं राहून गेलं, असं लिहिणार होते. राहून गेलं नाही, टाळलं.

मागच्या सोमवारी तुला बँकेतून फोन आल्ता ना? कर्जाचं काम पाहणारे धर्मराज साहेब मला म्हणाले, "म्याडम, आमी निस्तं विचारलं, बहीण भाड्यानं राहते का? तर तुमचे भाऊ भडकलेच! म्हणे, आष्टीतलं अर्धं घर तिचंच हाय, लिहून घ्या. मंग आमी घेतलं लिहून."

"मग?"

"मंग काय, पहिल्या घराची सवलत अडकली. अर्धं घर हाय, तर हे पहिलं कसं?"

मी पाणी मागितलं. साहेबांना वाटलं, सवलतीचा धक्का बसला.

तुला वाटलं असणार, कुणी स्थळाची चौकशी करून राह्यलंय. तुझ्या आशावादाला वेगळा नमस्कार. त्या फोनबद्दल तू मला काही बोलला नाहीस, मीही नाही. एकाच आईची आहोत.

शास्त्रात दान म्हणजे आधी आपला हक्क सोडायचा, मग दुसऱ्याचा उभा करायचा. तू अर्ध्या मिनिटात दोन्ही उरकलंस. ग्रामपंचायतीच्या उताऱ्याला कळवायचं तेवढं राहिलं. तिथे तुझं एकट्याचं नाव आहे. बरोबरच आहे, घर तू तुझ्या पगारातून बांधलंस.

आता मूळ मुद्दा. सवलतीशिवाय हप्ता मला झेपणार नाही. बँकेला तो उतारा हवा आहे, आणि तुझ्या सहीने एक ओळ: 'माझ्या घरात माझ्या बहिणीचा हिस्सा नाही.' २८ तारखेच्या आत.

तुझा हात थांबेल, माहीत आहे. म्हणून सांगते. इतकी वर्षं मी सुट्टीला आले की तुझी स्वरा आपलं अंथरूण गुंडाळून मला खोली देते. लहान होती तेव्हापासून. पोरीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं, तर मला घरचं वाटलं असतं. पाहुण्यासमोर कुणी तोंड वाकडं करत नाही, दादा.

तू नि वहिनी डोळे दाखवायला जालन्याला येता आणि चारच्या बसची घाई करता. यापुढे राहायचं. दुसरी खोली तुमची. तोंड मी नक्की वाकडं करीन.

वास्तुशांतीला जोडपं लागतं, ते तुम्ही बसा. बरणी तेव्हाच मिळेल. आधी ती ओळ लिही. खोटी वाटली तरी लिही. मला ती खोटी वाटते, एवढं पुरे.

तुझ्या घरात कागदोपत्री काहीच नसलेली,
तुझी
ज्योत्स्ना