टोरांटो आणि घरातला केर

मंगळवार, संध्याकाळ

परवापासून घरात केर काढलेला नाही. लेक मृणाल शिकायला टोरांटोला निघाली आणि आईने झाडू आपल्या खाटेखाली सरकवला. माणूस मुक्कामी पोचेपर्यंत केर काढायचा नाही म्हणे! हा नियम निघाला तेव्हा लेकी फार तर पावसला जात असतील. इथे साडेबारा हजार किलोमीटर, मधे विमान बदलायचं, शिवाय मुंबईपर्यंतचा आपला हायवे! पायाला नुसती कचकच. चिडचिड झाली, पण झाडू काही ओढून घेतला नाही. का? पोरगी एकटी आहे म्हणून?

आत्ता तिचा मेसेज आला, "बाबा, उतरले." ओरडतच आईकडे गेलो.

"पोचली! दे आता तो झाडू."

"विमान पोचलं रे. ती खोलीवर पोचली का?"

विमानतळापासून तिची खोली किती लांब, ते शोधत बसलोय.