कार्ड नंबर दोनशे सात

सोमवार, ३
आज रुजू झाले. जागा तळघरात, पण लख्ख. पांढऱ्या फरश्या, सर्व्हरची सहा कपाटं आणि गारठा असा की दुपारीही स्वेटर हवा. दाराला मूठ नाही. आतून असो की बाहेरून, कार्ड टेकवायचं. बाहेर बसणारे पहारेकरी काका गमतीशीर आहेत. म्हणाले, इथे दूध ठेवलं तर आठवडाभर नासायचं नाही. साहेबांनी काम दिलं: रुग्णालयाच्या डेटाबेसच्या डिस्कचा दर तासाला स्नॅपशॉट निघावा आणि प्रत पलीकडच्या इमारतीतल्या सर्व्हरवर जावी, अशी मांडणी करायची. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचा गोठलेला फोटो. संध्याकाळी आईला फोनवर हे समजावलं, तर म्हणाली, बाबांच्या घड्याळासारखंच की, बंद पडलंय ते पडलंय.

बुधवार, ५
मांडणी झाली. शेवटचे चोवीस ठेवून बाकीचे पुसले. एक पुसलाच जाईना. सहा वर्षांपूर्वीचा आहे. उघडला तर त्यात या दाराची नोंदवही आणि चालणाऱ्या कार्डांची यादी. कार्ड २०७, माझ्याच हुद्द्यावरचं कोणी, सकाळी ११:१० ला आत. बाहेर गेल्याची नोंद नाही. काकांना विचारलं, ते चहा आणायला उठून गेले. साहेब म्हणाले, त्याला हात लावू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुरुवार, ६
स्नॅपशॉटवर कोणालाही लिहिता येत नाही. तरी आज त्यात चार नव्या ओळी आहेत. कार्ड २०७, आतून टेकवलं, दार उघडलं नाही. चारही आजच्या.

शुक्रवार, ७
एकोणीस ओळी. शेवटच्या सात एकाच मिनिटातल्या. त्या वेळी मी इथेच होते. दाराशी कोणी नव्हतं, पण तिथला लाल दिवा सात वेळा लागला. काका अखेर बोलले. मुलगा चांगला होता म्हणाले, सकाळी आत गेला तो— आणि खुर्ची सरकवून निघून गेले.

सोमवार, १०
तसंच सोडून देववेना. त्या स्नॅपशॉटची लिहिता येईल अशी प्रत काढली. एकच ओळ भरली: २०७, बाहेर.
दार उघडलं. कोणीच दिसलं नाही. दार मिटलं. मग बाहेरून काकांचा आवाज आला, "किती वाळलात हो!" कोणीतरी हसलं. जिन्यावर पावलं वाजली.

११:४०
माझं कार्ड चालत नाही. सॉफ्टवेअरने तीच प्रत मुख्य धरली, पलीकडेही तीच गेली. म्हणजे कार्डांची सहा वर्षांपूर्वीची यादी. तीत मी नाहीच. भिंतीवरच्या फोनवरून साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "या जागेवरचे २०७ तर माझ्यासमोर बसलेत. आपण कोण?"

११:४०
घड्याळ पुढे जात नाही. दार बडवून हात सुजले. काकांची खुर्ची सरकलेली मला ऐकू येते, माझं त्यांना—

११:४०
नोंदवहीत माझा नंबर आलाय. आत. एवढंच—

११:४०
लाल. परत लाल. नवीन जी कोणी येशील, एवढंच कर, माझ्या नंबरापुढे बाहेर असं लिही. मग तुझं काय होतं, ते मी सांगणार नाही—