तळाची माती

केडगाव,
दि. १६ ऑक्टोबर १९७३

प्रिय चांगुणा,

पाकिटावर परदेशी तिकीट नाही आणि शिक्का नगरचा आहे, हे तू उघडायच्या आधीच पाहिलं असशील. होय, मी परत आलोय. इथे केडगावात तुझ्या भावाच्या, आसारामच्या ओसरीवर बसून लिहितोय. जर्मनीहून नगरपर्यंत आलेल्या माणसाला नगरहून मिरजगावला यायच्या आधी पत्र कशाला लिहावं लागतं, असं तू म्हणशील. ते शेवटी सांगतो, पण मधलं सोडून शेवट वाचू नकोस. तुला जोडाक्षरं अडतात, म्हणून जमेल तेवढं सोपं लिहितोय. अडलं तरी बनुबाईच्या सुनेकडे वाचायला नेऊ नकोस. दार लोटून घे आणि एकटी वाच. 'प्रिय' बघून हसूही नकोस. इतक्या वर्षांत मी तुला असं कधी लिहिलं नाही, आणि तूही मला कधी हाक मारली नाहीस. गावातल्या बायका नवऱ्याला 'कारभारी' म्हणून मोकळ्या होतात. माझं नावच कारभारी, त्यामुळे तुझी तेवढीही सोय राहिली नाही. तू आपली 'मास्तर, मास्तर' करत राहिलीस.

आधी गावाचं सांगतो. नाव मला अजून धड म्हणता येत नाही, मी मनात त्याला तळेगावच म्हणत होतो. लहानसं गाव आहे, आपल्या मिरजगावाएवढंही नसेल. उतरत्या छपरांची घरं, खिडक्याखिडक्यांत फुलांच्या कुंड्या आणि शेवटच्या घरापासून लगेच रान सुरू. रानातून वाट काढत गेलं की एक तळं, ते संपेपर्यंत दुसरं. आवाज म्हणून नाही. कुत्रं भुंकत नाही, कुणी कुणाला लांबून हाका मारत नाही. समोरून माणूस आला तर मान लववून पुढे जातो. पाण्याच्या काठाने बाकं टाकलेली आहेत, त्यांवर म्हातारी माणसं बसतात आणि पाण्याकडे बघतात. दुसरं काही करत नाहीत, नुसती बघतात. त्यासाठी लांबलांबून आगगाडीने येतात म्हणे. एवढं पाणी, आणि काठाला एक कळशी नाही, एक दोर नाही. गेल्या साली तू बंधाऱ्याच्या कामावर खडी फोडून यायचीस आणि वर टँकरपुढे हंडा घेऊन उभी राहायचीस. त्या लंकाबाईशी झोंबाझोंबी झाली आणि तुझा हंडा चेपला, ते मला त्या बाकावर बसल्यावर आठवलं. मला त्या पाण्याचा राग आला, चांगुणा. काठावरचा दगड उचलून मी पाण्यात भिरकावला. शेजारची म्हातारी माझ्याकडे बघून गोड हसली. तिला वाटलं, मी खेळतोय.

जूनमध्ये तार आली तो दिवस तुला सांगायला नको. गोरखला तिकडे पाठवणाऱ्या, बोअरच्या संस्थेचा माणूस नगरहून जीप घेऊन आला होता. तारेत लिहिलं होतं की गोरख तळ्यात बुडाला, पुढचं काय करायचं ते कळवा. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो, आणि तू शांतपणे म्हणालीस, "माझं पोर पान्यात बुडायचं न्हाई. दुसरं कुनी आसंल ते." तू ना रडलीस, ना सुतक पाळलंस, ना दहावा करू दिलास. तारेला उत्तर पाठवतो म्हणालो, तर म्हणालीस, आपलं न्हाई त्याला उत्तर कशापायी. बायका रडायला आल्या त्यांना तू चहा पाजून परत पाठवलंस. गाव म्हणालं, चांगुणाचं डोकं फिरलं. मला मात्र खरं सांगायचं तर तुझा आधार वाटला. माझ्या पोटात कुठेतरी तुझं म्हणणं जाऊन बसलं. म्हणून संस्थेने तिकीट काढून दिलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. तू म्हणालीस, जावा आन् घिऊनच या. त्या गावाच्या स्टेशनात उतरलो तेव्हा मी फलाटावरची तोंडं बघत होतो. काळे केस, सावळा रंग कुठे दिसतो का, ते बघत होतो. असलं कुणाला सांगायचं नसतं. तुला सांगतोय.

तुझ्या म्हणण्यात खोटं तरी काय होतं. मी विहिरीच्या काठालाही कधी धड उभा राहिलो नाही. तू सीना नदीच्या काठची. लग्न होऊन आलीस त्याच उन्हाळ्यात कासोटा घट्ट मारून आमच्या मळ्यातल्या विहिरीत सूर मारलास आणि माझ्या आईने तोंडावर हात घेतला. गोरखच्या कमरेला वाळके भोपळे बांधून त्याला तूच पाण्यात लोटलंस. भोपळे सुटल्यावर तुझा तो नियम सुरू झाला. नुसती बुडी मारलेली तुला चालत नव्हती. खालची माती मुठीत आणून दाखवायची, तर ती बुडी. तो पायरीवर येऊन ओली मूठ उघडायचा आणि तू ती काळी माती बोटाने चाचपून बघायचीस, खरीच तळाची आहे की कपारीतली. कपारीतली निघाली की पुन्हा लोटायचीस. मी वरून ओरडायचो, पुरे, पुरे. तुम्ही दोघं खाली हसायचात. दुष्काळात विहीर आटली आणि तळ उघडा पडला, तेव्हा तो चालत खाली उतरला आणि गाळ काढता काढता म्हणाला, आई, आता तर कुणी बी आणंल माती. मग नगरहून ती बोअरची मशीन आली, हा फिटरचं शिकलेला म्हणून तिच्यावर लागला आणि त्या जर्मन साहेबाच्या मर्जीत बसला. पुढचं तुला ठाऊकच आहे. वर्षभर शिकून येतो म्हणून गेला. त्याने तिकडून काय लिहिलं होतं? 'आई, इथल्या तळ्याचा तळ कुणी बघितलेला नाही म्हणतात.' तू ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलंस आणि कौतुकाने मान हलवलीस.

तिथे मला तोच साहेब भेटला, फोग्ट. आपल्या गावाने त्याचा फोकटसाहेब केला होता, कारण तो पाण्याचे पैसे घेत नाही. त्याचं मराठी अजून तसंच आहे, बोअरवरच्या गड्यांकडून शिकलेलं. असा उंच गोरा माणूस, डोळे निळे, आणि स्टेशनात मला हात जोडून म्हणतो, "मास्तर, वाईट झालं. लई वाईट झालं." दुसऱ्या दिवशी तो मला तळ्यावर घेऊन गेला. काठापासून आत पाण्यात लाकडी फळ्यांचा एक धक्का गेलेला आहे. त्या रविवारी, गोरख शिकत होता त्या कारखान्यातली पोरं त्याच्यासोबत तिथे पोहायला आली होती. गोरखने त्यांना खुणेने काहीतरी सांगितलं, खाली बोट दाखवलं, मूठ वळून दाखवली आणि हसला. पोरांना अर्थ लागला नाही. एकदा खाली गेला, रिकामा वर आला, कुडकुडत होता. पोरांनी बाहेर ओढायला हात दिला, त्याने घेतला नाही. पुन्हा गेला. साहेब मला म्हणाला, "वर गरम हाय, मास्तर. खाली लई थंड. एकदम बरफ. मानसाचं काळीज थांबतंय." ते खरं असावं. मी विजारीचे पाय दुमडून गुडघाभर पाण्यात उतरलो, जन्मात पहिल्यांदा. वरचं पाणी सोसवत होतं. पायाची बोटं जिथे टेकली तिथे कळ आली. तू कितीही चांगलं शिकवलं असतंस, तरी असं पाणी तूही पाहिलेलं नाहीस.

आता मन घट्ट कर. आगीच्या बंबवाल्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी काढला. साहेब तिथे हजर होता. सांगता सांगता तो थांबला आणि मला विचारलं, "मास्तर, येक सांगा. त्याच्या मुठीत माती हुती. मूठ सोडवंना. माती कशाला?" त्यांना वाटलं होतं, जीव जाताना त्याने तळ ओरबाडला असेल. तो बिचारा खरोखर विचारत होता, आणि मला उत्तर ठाऊक होतं. त्या अख्ख्या मुलखात ते उत्तर ठाऊक असलेला मी एकटाच. मी तिथल्या बाकावर बसलो तो अंधार पडेपर्यंत उठलो नाही.

विमानात मी तुला सांगायला किती गोष्टी रचल्या. ताप आला म्हणावं, मोटार अंगावर गेली म्हणावं, नाव उलटली म्हणावं. पण काहीही सांगितलं असतं तरी तू तेच म्हणाली असतीस, दुसरं कुनी आसंल. कपडे दाखवले असते तर म्हणाली असतीस, कपडे कुणाचेही असतात. म्हणून हे लिहावं लागलं. त्या गावातल्या दुसऱ्या कुणाच्याही मुठीत माती नसती, चांगुणा. तो आपलाच होता. आता तू म्हणशील, मीच शिकवलं, मीच मारलं. तू तसं म्हणणार हे मला दिसतंय. पोरांना फळ्यावर गणितं सोडवून देणारा मी, हे मला सुटलेलं नाही. एवढंच सांगतो, माझा तुझ्यावर राग नाही. राग धरायलाही आत काही शिल्लक राहिलेलं नाही.

त्याला जाळलेला नाही, पुरलाय. त्यांचा रिवाज तो, आणि आपलं उत्तर आलं नाही म्हणून ते तरी किती दिवस थांबणार. चर्चच्या मागे उतारावर, झाडाखाली जागा आहे. लाकडी फळीवर नाव लिहिलंय, त्यात एक अक्षर चुकलंय. मी मास्तर असून ते दुरुस्त करून घेतलं नाही. तो जिच्या घरी राहत होता ती केसलरबाई, सत्तरीची असेल, रोज संध्याकाळी हातात झारी घेऊन जाते आणि त्या मातीवर पाणी घालते. तिने त्याचे सगळे सदरे इस्त्री करून ट्रंकेत भरून दिले. त्या बाईचं एक अक्षर मला कळत नव्हतं, माझं तिला कळत नव्हतं. मी तिथे उभा राहिलो आणि मला मोठ्याने रडायचं होतं, आपल्याकडे रडतात तसं. पण ते गाव इतकं शांत आहे की रडायचीही चोरी. केसलरबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला, मी रुमालात खोकलो आणि खाली आलो. तिथून उकरून आणता येईल का, असंही मी साहेबाला विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. पोर तिथेच राहणार, पाण्याच्या गावात, आणि आपण इथे. आपल्यामागे आता कुणी नाही. दहावा करायचा का, कसा करायचा, ते मला ठरवता येत नाही. मला काहीच ठरवता येत नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. मला इथे येऊन आठवडा होत आला. रोज सकाळी आसारामच्या सायकलवर मागे बसून स्टँडवर जातो. आपल्याकडची एसटी लागते, ट्रंक उचलतो, आणि चढत नाही. गाडी जाते, आसाराम मला परत आणतो. चांगुणा, मी त्या गावची कबर पाहिली, तळं पाहिलं, त्या पाण्यात उतरलो. ते सगळं निभलं. पण आसारामला गावाकडून कळलंय की मी गेल्यापासून नगरची गाडी यायच्या वेळेला तू रोज फाट्यावर येऊन उभी राहतेस. मी उतरेन, तेव्हा तू माझ्याकडे बघणार नाहीस. माझ्या मागे, गाडीच्या दाराकडे बघशील. कंडक्टर घंटी मारेल, गाडी निघून जाईल, तरी तू बघत राहशील. ते बघणं मला सोसणार नाही. म्हणून आधी हे वाच. रड, भुईवर डोकं आपट, मला शिव्या दे, काय करायचं ते कर, आणि मग आसारामला निरोप पाठव. निरोप आला की मी दुसऱ्या दिवशी येईन. त्या दिवशी फाट्यावर येऊ नकोस. घरातच थांब. मी एकटाच उतरणार आहे.

तुझाच,
कारभारी