माशावर दूध

५ जानेवारी २०२५, रविवार
दवाखान्यातून घरी! एकवीस दिवसांनी. दारातच हे म्हणाले, "सांभाळून, नवं पॅकिंग आहे." वाळूजच्या कंपनीत आयुष्य गेलं, बायकोलाही मालच समजतात!

गालातल्या कळांसाठी दिलेली गोळी. कळा चौथ्या दिवशी थांबल्या म्हणून मी खूश. पंधराव्या दिवशी ताप, तोंडभर फोड, आणि मग पाठीची कातडी भिजल्या पापडासारखी सुटायला लागली. डॉक्टरबाईंनी गोळीचं नाव लिहून दिलंय, खाली दोन रेघा मारून — पुन्हा कधीच नाही. डोळे वाचले. बाकी सगळं उगवून येतं म्हणे.

आई गंगापूरहून आलीय, माझ्यासाठी. पंचाहत्तरीची बाई माझ्या पाठीला खोबरेल लावते, बोटांच्या नुसत्या टोकांनी. बोलत काही नाही. तिचं नेहमीचंच.

८ जानेवारी
आज नळाला पाणी आलं, नवव्या दिवशी. अंघोळ! साबण नाही, घासणं नाही, नुसतं कोमट पाणी. अंगावरून पाणी जाणं ही केवढी चैन आहे, कुणाला सांगून पटणार नाही.

माझं पार्लर बंदच आहे. शेजारची श्रेया खिडकीतून ओरडली, "काकू, चेहरा काय गुलाबी दिसतोय! कोणतं फेशियल?" म्हटलं, "गोळीचं. तुला नाही झेपायचं."

१२ जानेवारी, रविवार
केसरआत्या येऊन गेली. वडिलांची थोरली बहीण. वय ऐंशी, जीभ विशीची. माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि आईकडे न बघता म्हणाली, "अगदी आमच्या पुंजारामावानी. हिला बी माशावर दूध पाजलं का काय?"

आई भाजी निवडत होती. निवडत राहिली.

पुंजाराम म्हणजे माझे वडील, आमचे दादा. चौऱ्याऐंशी साली गेले. मी नऊ वर्षांची होते. त्यांचंही अंग असंच सोललं. त्याच्या आधी आईनं गोदावरीचा मासा केला होता आणि दादा वर पेलाभर दूध प्यायले होते. झालं! तेव्हापासून आई म्हणजे नवऱ्याला माशावर दूध पाजणारी. भावकीच्या लग्नात तिला कुणी स्वयंपाकाला हात लावू देत नाही. चाळीस वर्षं! आणि ही बाई एकदाही उलटून बोलली नाही.

मी आत्याच्या चहात साखर घातली नाही. मुद्दाम.

मग सहज विचारलं, दादांना कसली गोळी होती का? "व्हती की, फिटीची. सरकारी दवाखान्यातून आणायचा. त्याचं काय?"

आई उठून आत गेली.

१५ जानेवारी
तपासणीला गेले होते. डॉक्टरबाईंना दादांचं सगळं सांगितलं. त्या पेन ठेवून ऐकत बसल्या. तुमचीच गोळी फिटवरही देतात, म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी खात्रीनं नाही सांगता येणार. पण ही गोळी न सोसणं रक्तातून येऊ शकतं." आणि माशावर दूध? "त्यानं असं अंग सोलत नाही हो."

सोलत नाही! जालना रोडवर रिक्षात बसून मी रडले. आनंदानं. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, रिपोर्ट खराब आला क्या?" म्हटलं, "नाही बाबा, चाळीस वर्षांनी चांगला आला." पावशेर पेढे घेतले.

१६ जानेवारी
आईला सांगितलं. वाटलं होतं रडेल, गळ्यात पडेल. पेढा हातात तसाच धरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता."

राहू दे काय! संतापच आला. मेल्या माणसाचं उकरू नको, म्हणे. अगं, पण तू तर जिवंत आहेस ना!

१९ जानेवारी
ठरवलं. २६ तारखेला आत्याच्या नातवाचं, शिवमचं, लग्न आहे गंगापूरला. सगळी भावकी जमणार. जेवणं झाली की सगळ्यांसमोर बोलायचं — मासा नव्हता, गोळी होती. आत्यानं आईची माफी मागितली तर अहेर दुप्पट!

आईला कळलं तर ताटावरून उठली. "तुला माझी शपथ हाय. नको सांगू."

हे म्हणतात, "जिला सोडवायचंय तिलाच सुटायचं नाही. कुणाचा खटला लढतेस?"

आईचाच. शपथ गेली खड्ड्यात.

२२ जानेवारी
पार्लर उघडलं. श्रेयाच्या भुवया केल्या. हात थरथरला नाही. किती बरं वाटलं!

२४ जानेवारी
हातांची साल पूर्ण गेली. आई म्हणाली, बाळाचे हात दिसतात. मोरपंखी साडी काढून ठेवली. आरशासमोर दोनदा भाषण केलं. दुसऱ्यांदा जास्त जमलं. बघाच आता आत्याबाई!

२५ जानेवारी
आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"अंगावर पुरळ दिसलं तवाच म्या त्या गोळ्या बंद केल्या व्हत्या. गरम पडल्या म्हनून. डाळीच्या डब्यात दडवल्या. तू हुडकून काढल्यास. बापाला फिट यायला नको म्हनून गपचूप देत व्हतीस रोज. मला कळलं तवा लई उशीर झाला व्हता. लोक मासा म्हनले. म्या म्हनलं, म्हनू दे. नऊ वर्सांच्या लेकराचं नाव कसं घ्यायचं?"

आठवलं. गुळाच्या खड्याबरोबर मी ती गोळी द्यायचे. मला बघितलं की दादा उशीवरून मान उचलायचे. म्हणायचे, आली आमची डाक्टरीण.