धरून ठेवलेली घडी

२ ऑक्टोबर

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, हसू नका. मागे वीज बंद राहणार असल्याची जुनी सूचना आहे, ती वाचून घाबरूही नका.

फोनवर तुम्ही बरं चाललंय एवढंच सांगून सुटता, म्हणून पत्र. शेजारीण विचारते दीर काय करतात, तर तुमचे दादा खुशाल सांगतात की कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्या मॅट्रिकच्या शास्त्रात बसेल असं एकदा समजावून लिहा. रोज देवापुढे तुमच्या कामाला यश दे म्हणते, पण काम कोणतं हे देवालाही सांगता येत नाही.

जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा तुमच्यासाठी विणायला घेतलाय. हाताचं माप कळवा. माझ्याकडचं तुमच्या आठव्या वर्षाचं आहे.

लोभ आहेच, उत्तर मात्र लांबलचक यावं.
वहिनी

९ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मेंदूत एक प्रथिन असतं. एरवी गरीब. पण एखाद्याची घडी चुकीची पडली की ते शेजारच्यालाही तशीच घडी घालायला लावतं. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो ना, तसं. चुकीच्या घड्या एकावर एक चढून धागा होतो आणि माणूस हातचा जातो. ती घडी नेमकी कशी हे कळलं, तर पुढे कुणीतरी ती अडवणारं औषध शोधेल.

मी बघतो त्या जातीच्या धाग्याचं स्पष्ट चित्र अजून कुणाला मिळालेलं नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवर अंदाजाने घड्या रचतो आणि ऊब देऊन हलवतो. कोसळल्या तर अंदाज चुकला. चार वर्षांत सतरा रचना कोसळल्या. अठरावी मात्र चार महिने ताठ उभी आहे. २८ तारखेला सर ती मोठ्या सभेत मांडणार आहेत. माझी पीएचडी तिच्यावरच आहे.

हात चोवीस इंच. दादाला सांग, मेकॅनिक मजेत आहे.

तुझ्या मायेतला,
भावोजी

१५ ऑक्टोबर

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी धुतलेल्या चादरींच्या घड्या घेऊन बसले. पलंगावर अठरा रचल्या आणि पलंग हलवला. कोसळल्या. पुन्हा रचल्या, पुन्हा तेच. मग कपाटात रचून कपाट हलवलं, तर जागच्या हलेनात. मी खूश. तुमचे दादा दारातून म्हणाले की अगं, एका बाजूला कपाटाची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला तुझाच हात.

म्हणून एक विचारते, राग मानू नका. सतरा पडल्या आणि अठरावी जराही डुलत नाही म्हणता, तर तिला कुठून कुणी धरलेलं नाही ना? तुम्ही बघितलंच असेल. आम्ही आपलं चादरीवरून बोलतो.

वेळेवर जेवा. माया आहे तशीच आहे.
वहिनी

१९ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चादरी वाचून हसलो, आणि मग हसू गेलं.

हलवायला लागताना रचनेला धक्का बसू नये म्हणून अणू जागच्या जागी धरून ठेवायचे असतात आणि नंतर हळूहळू सोडायचे असतात. अठरावीच्या वेळी सोडायची सूचना मी लिहिलीच नव्हती. चार महिने मी तिला धरूनच हलवत होतो. काल सकाळी सोडली. दुपारच्या चहापर्यंत धाग्याचा गुंता झाला.

सरांची सगळी तयारी झाली आहे. हे कुणाला ठाऊक नाही, फक्त तुला. सभा होऊ द्यावी आणि मग गुपचूप दुरुस्त करावं, असंही मनात येतं.

भावोजी

२२ ऑक्टोबर

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. दादांना दाखवलं नाही.

मी या घरात नवी असताना तुम्ही काचेची बरणी फोडून तुकडे माझ्या ट्रंकेत लपवले होते. तीन दिवस तुम्हाला घास गिळवेना. आम्हाला वाटलं, ताप येणार. चौथ्या दिवशी आपणहून सांगितलंत, मी दोन धपाटे घातले, आणि तुम्ही दोन ताटं जेवलात. सध्या जेवण जातंय का, एवढंच कळवा.

देवापाशी यश मागायचं मी थांबवलंय. आता तुम्हाला तोंड उघडायचं बळ दे म्हणते.

धपाटे इथून पोचत नाहीत, पण लोभ पोचेल.
वहिनी

२९ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी सभेचे कागद मिटून ठेवले. मग विचारलं की हे तुला कसं सुचलं. चादरींची हकिकत सांगितली. सभेला ते गेलेच नाहीत, नाव मागे घेतलं. माझ्यावर अजून नाराज आहेत, पण वहिनींना नमस्कार कळव म्हणाले. पीएचडी निदान वर्षभर लांबली.

एकोणिसावी रचना परवा लावली, आणि सोडायची सूचना दोनदा तपासली. उद्या पडेलही. आज मात्र थोडी कलून, डुलत, कुणी न धरता उभी आहे.

स्वेटर मिळाला. डावा हात बोटांपर्यंत येतो, दुमडून घालतो.

आणि तू विचारलंस म्हणून: सरांशी बोलून आलो त्या दिवशी दोन ताटं जेवलो.

धपाटे उधार ठेव, येईन तेव्हा घेईन.
भावोजी