आधी पोरी जेवतील

माय, तुला राग येईल असं एक काम मी कित्येक वर्षं करून राह्यले आहे, आणि ते सोडायचा माझा बिलकुल विचार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या तरी मला थांबायला नको. जालन्यातल्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते आणि तिथल्याच मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे. तुला हे माहीत असायचं कारण नाही, तू गेलीस तेव्हा माझं शिक्षणच चाललं होतं. दरवर्षी भोकरदन, जाफराबाद, घनसावंगीकडच्या नव्या पोरी येतात, पाठीला सॅक आणि काखेत गोधडीचं बोचकं. कॉलेज त्यांचं स्वागत करतं: नारळ, गुलाबाची फुलं, पाहुण्यांची भाषणं, पडद्यावर नियम. मी मागच्या खुर्चीत बसून जांभया देते. माझा कार्यक्रम त्याच दिवशी संध्याकाळी मेसमध्ये सुरू होतो. नव्या पोरींनी आधी बसायचं, जुन्या पोरींनी वाढायचं, आणि प्रत्येक नव्या पोरीनं काहीतरी एकदा तरी मोठ्यानं मागून घेतल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही. पोळी माग, मीठ माग, काहीही माग, पण माग. पहिल्या दिवशी अर्ध्या जणी खिदळतात, काही चक्क रडतात.

हे मला कुठून सुचलं ते तुला ठाऊक आहे. मी शाळेतून आलेय, पोटात कावळे ओरडताहेत, तू चुलीपुढं बसलीयेस आणि काठवटीत भाकरी थापतेयस. भावाच्या शेजारी मी फतकल मारून बसते आणि तव्यावरून उतरलेल्या पहिल्याच भाकरीला हात घालते. तू उलथनं मारलंस माझ्या हातावर. जोरात नाही, पण मारलंस. म्हणालीस, "जल्दी काय हाये तुला? आधी तुझ्या बापाला जेवू दे, मंग भाऊ, मंग तू." मी विचारलं, "अन् तू?" "माझं काय! मी हाये की चुलीपाशीच." ते तू असं म्हणालीस, जणू चुलीपाशी असणाऱ्याचं पोट आपोआप भरतं. येसराच्या आमटीच्या पातेल्याची खरवड तुझ्या वाट्याला यायची आणि तू त्याचं कौतुक करून घ्यायचीस, की बघा, हिला काही लागत नाही. मला त्या कौतुकाची आजही चीड येते.

मी मात्र गुणी लेक, सगळं शिकले. होस्टेलला आले तेव्हा मेसमध्ये मी सगळ्यांना पाणी द्यायची, वाढायला पुढं व्हायची, आणि माझी पाळी यायची तेव्हा भाजीचं पातेलं पालथं घातलेलं असायचं. मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, मीच माझी पाळी शेवटची लावली होती. प्रयोगशाळेत एकदा चक्कर येऊन पडले, तर सरांना वाटलं रसायनाच्या वासानं झालं. दसऱ्याला घरी आले तेव्हा माझी गालफाडं बघून तू म्हणालीस, "शिकणं मानवलं न्हाई गं तुला. ऱ्हा आता घरीच." माय, मला शिकणं मानवलं होतं. चांगलं मानवलं होतं! मानवलं नव्हतं ते तू शिकवलेलं. त्या दिवशी हे तोंडावर बोलायची छाती झाली नाही, मी फक्त पिशवी भरली आणि सकाळच्या गाडीनं परत आले. आज बोलते.

लोक मलाच वेड्यात काढतात. एक वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, हा काय पंगतीचा तमाशा? त्यापेक्षा त्यांना लायब्ररी दाखवा, वेळेचं नियोजन शिकवा." मी म्हटलं, दाखवते की, पण भरल्या पोटी दाखवते. कारण मला वर्गात दिसतं ते त्यांना दिसत नाही. जी पोरगी पोळी मागत नाही, ती शंकाही विचारत नाही. एका टेबलावर चौघी असतात, ही आपली परीक्षानळ्या धुऊन देत राहते, प्रयोग बाकीच्या तिघी करतात, आणि सगळे म्हणतात किती गरीब स्वभावाची पोर. गरीब स्वभाव डोंबलाचा! वर्ष संपतं आणि तिच्या हाताला ब्युरेट, ती मापाची काचनळी, लागलेलंच नसतं. काही आयांचेही फोन येतात, "मॅडम, अशी सवय लावली तर सासरी कसं व्हायचं?" मी सांगते, सासरचं सासरी बघू, उद्या तिचं प्रॅक्टिकल आहे.

यंदा भोकरदनकडच्या धावडा गावची एक पोरगी आली. बारावीला चांगले मार्क, हुशार, पण तोंडाला कुलूप. मेसच्या रांगेतून हळूच उठायची आणि जुन्या पोरींच्या हातातला डाव काढून घेऊन स्वतःच वाढत सुटायची. मी दंडाला धरून बसवलं तर ताटात बोटं फिरवत राहायची, पण मागायची नाही. दिवसेंदिवस वाळत चालली. शेवटी तिनं घरी फोन केला, मला घेऊन जा म्हणून. रविवारी सकाळी तिचा बाप माझ्या दारात. पांढरा शर्ट, हातात टोपी. "मॅडम, पोरीला न्यायला आल्तो. हिला हितलं सोसंना. गावाकडं बाहेरून परीक्षेला बसवू, घरीच ऱ्हाईल." मला माहीत आहे माय, घरी राहील म्हणजे काय होईल. दिवाळीनंतर स्थळं बघायला लागतील.

मी म्हटलं, "भाऊ, न्यायची तर न्या. आधी जेवून घ्या." पुरुषांना मेसमध्ये येऊ द्यायचं नाही असा नियम आहे, तो मी मोडला. बापलेकीला शेजारीशेजारी बसवलं. बापाच्या ताटात पोळी पडायच्या आत पोरगी उठून त्याला वाढायला निघाली.

"खाली बस," मी म्हटलं.

"असू द्या मॅडम, सवय हाये तिला," बाप म्हणाला.

"तीच तर मोडायची आहे मला! भाऊ, तुमची लेक किती भाकरी खाते?"

तो गोंधळला. "खात असंल की... दीड, दोन."

"आवडतं काय तिला?"

त्यानं पोरीकडं पाहिलं. पोरगी जमिनीकडं बघत होती. "ते तिच्या मायला इचारावं लागंल," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचाच आवाज बसला. मला वाटलं, आता उठतो आणि पोरीचं बोचकं उचलतो. पण त्यानं स्वतःचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "बस गं. तू जेव आधी. मला घाई न्हाई."

ती बसली. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या, तरी तिनं पहिला घास मोडला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बाप बघत राहिला, जन्मात पहिल्यांदा लेकीला जेवताना बघत होता तो. पोळी संपली. आणि मग ती बोलली, अख्ख्या मेसला ऐकू जाईल असं, "ताई, मला अजून एक पोळी वाढा." तिनं तीन खाल्ल्या! नंतर तो जेवला, तिनं बांधून ठेवलेलं बोचकं तिला परत खोलीत ठेवायला लावलं, आणि फाटकापाशी मला म्हणाला, "मॅडम, वांग्याच्या फोडी तिनं बाजूला काढून ठेवल्या. घरी तर रोज मुकाट्यानं खाती. तिला वांगं आवडत न्हाई, हे मला ठाऊकच नव्हतं." तो एकटाच गावी गेला. पोरगी आहे. परवा तिनं टेबलावरच्या बाकीच्यांना सांगितलं, सरका, आज ब्युरेट मी धरते.

तेव्हा माय, मी हे चालूच ठेवणार. हे कुणी तुझा अपमान समजलं तरी हरकत नाही. मला तुझ्याशी भांडायचंच आहे, आणि तू जिवंत असतीस तर तुला हाताला धरून त्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं असतं, तू कितीही ओरडलीस तरी. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पण लिहायला घेतलाय तर एक सांगून टाकते. मी त्या बापाला मोठ्या तोऱ्यात विचारलं खरं, पण दरवर्षी पित्रांच्या दिवसांत तुझ्या सुनेचा फोन येतो. तिनं तुला पाहिलेलं नाही. ती विचारते, "ताई, सासूबाईंच्या पानावर काय करू? त्यांना काय आवडायचं?" आणि मी दरवर्षी ठोकून देते, गुळाची पोळी. गुळाची पोळी मला आवडते, माय. तुला काय आवडायचं, मला माहीत नाही.